ठळक म्हणजे सुवाच्य? : 'कूपर ब्लॅक' या अक्षरवळणाचे परीक्षण

शाळेच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल तर इंग्रजी अक्षरवळणांच्या यादीत 'कूपर ब्लॅक' हे नाव बहुधा सापडतेच. विज्ञान प्रदर्शनाचा फलक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, बालवर्गाच्या दारावरची पाटी असे काही करायचे असले आणि मथळा जाड, शिवाय थोडा गमतीदार हवा असला, की हात या वळणाकडे जातो. निवड वाईट नाही. पण तिच्यामागे जी समजूत असते तिची तपासणी करायला हवी. 'जाड अक्षर लांबूनही वाचता येते' ही ती समजूत. नाटकाचे किंवा पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या वळणाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत, आणि ते करताना मागच्या बाकावरचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवणार आहोत.

आधी हे वळण आहे कसे ते पाहू. इंग्रजी पुस्तकातल्या अक्षरांच्या रेषांना शेवटी छोटे आडवे पाय असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. नेहमीच्या पुस्तकी वळणात हे पाय बारीक आणि टोकदार असतात. कूपर ब्लॅकमध्ये ते आहेत, पण फुगून गोल झालेले. पायाचा तळसुद्धा सपाट नाही. किंचित फुगीर आहे. एखादा शब्द मोठा छापून त्यावर मोजपट्टी ठेवा, म्हणजे कळेल की पट्टीला चिकटून बसेल अशी सरळ कड जवळजवळ कोठेच नाही. लहान 'एन' घ्या. त्याचा उभा पाय मधल्या पांढऱ्या फटीपेक्षा जाड आहे. 'ओ'मधले पांढरे छिद्र उभे नसून मागे रेललेले आहे, त्यामुळे अक्षर खुर्चीत सैलावून बसल्यासारखे वाटते. लहान अक्षरांची उंची मोठी आणि 'पी', 'जी' यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड. एकूण परिणाम मऊ कणकेच्या गोळ्यांसारखा.

हे वळण अमेरिकेत, शिकागो शहरात, १९२२ साली बाजारात आले. ते काढणारे ऑस्वाल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) हे मूळचे ओहायो राज्यातले आणि कॅन्सास राज्यात वाढलेले. चित्रकार होण्यासाठी ते शिकागोला आले. तेथे फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत फ्रेडरिक गाउडी हे पुढे फार प्रसिद्ध झालेले अक्षरकार शिकवीत असत. त्यांच्या हाताखाली कूपर अक्षरलेखनाकडे वळले. १९०४ मध्ये फ्रेड बर्ट्श यांच्याबरोबर त्यांनी जाहिरातींची मांडणी करून देणारी संस्था काढली. म्हणजे कूपर यांची अक्षरे आधी जाहिरातीसाठी हाताने काढली गेली आणि मग त्यांचे धातूचे खिळे झाले. हे खिळे बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या शिकागोच्या ओतशाळेने पाडले, आणि ते तडाख्याने खपले. जुन्या वळणाच्या मुद्रकांनी नाके मुरडली, त्याला काळे संकट म्हटले. पण गिऱ्हाईक मागू लागले की तत्त्वे मागे पडतात. प्रतिस्पर्धी मोनोटाइप कंपनीने तोडीस तोड म्हणून जाड वळण मागितले ते खुद्द गाउडींकडे, आणि १९२५ मध्ये 'गाउडी हेवीफेस' निघाले. शिष्याच्या यशामागे गुरूला असे धावावे लागले.

कूपर यांनी आपल्या वळणाबद्दल केलेला एक विनोद प्रसिद्ध आहे. हे वळण दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना फक्त जवळचे दिसते, अशा अर्थाचे ते बोलले होते. आम्हाला हा विनोद शास्त्रीय प्रश्न म्हणून घ्यावासा वाटतो. ज्याला जवळचेच दिसते, अशा माणसाला हे अक्षर लांबून खरोखर वाचता येईल का?

त्यासाठी आधी निकोप डोळ्याचा हिशेब करू. नेत्रतपासणीचा तक्ता १८६२ मध्ये हेरमान स्नेलेन या डच नेत्रवैद्याने तयार केला. त्याने अक्षराची उंची पाच भाग आणि रेषेची जाडी एक भाग धरली. रेषांमधली पांढरी जागाही एकच भाग. हा एक भाग डोळ्याशी एक मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या हिश्श्याचा कोन करतो तेव्हा निकोप डोळ्याला अक्षर जेमतेम ओळखू येते. ६ मीटरवर अशा अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर येते, आणि शेवटचा बाक फळ्यापासून ८ मीटरवर असेल तर तेथे ११.६ मिलिमीटर.

येथेच जाडीची मेख आहे. स्नेलेनच्या अक्षरात काळे आणि पांढरे सारखे वाटलेले आहे. उंची तीच ठेवून रेषा जाड केल्या तर ती जाडी कोठून येणार? पांढऱ्यातूनच. समजा, जाड अक्षरातली सर्वांत अरुंद पांढरी फट उंचीच्या पाचव्या हिश्श्याऐवजी दहाव्या हिश्श्याची राहिली. मग ती फट दिसायला अक्षर दुप्पट उंच, २३ मिलिमीटरचे, काढावे लागेल. म्हणजे मर्यादा काळ्या रेषेने ठरत नाही, तिच्या आतल्या पांढऱ्याने ठरते. अक्षर ठळक केले म्हणून ते सुवाच्य होत नाही, उलट तेवढ्याच उंचीत ते अधिक लवकर बुजते.

आता कूपरसाहेबांचे गिऱ्हाईक घेऊ. आपल्या वर्गातही ते असते. डोळ्यांचा नंबर उणे एक आहे, पण कोणाच्या लक्षात आलेला नाही आणि चष्मा लागलेला नाही, असे एखादे मूल बहुतेक वर्गांत निघेल. नंबर उणे एक म्हणजे या मुलाचा डोळा १ मीटरपर्यंतचेच नीट पाहतो. त्याच्या बाहुलीचे छिद्र ३ मिलिमीटर धरू. सारख्या त्रिकोणांची आकृती काढली (आठवी-नववीच्या भूमितीत ती बसते) तर ८ मीटरवरचा प्रत्येक बिंदू त्याला ३ × (८ − १), म्हणजे २१ मिलिमीटर व्यासाच्या धूसर चकतीसारखा दिसतो. ४ मीटरवर हीच चकती ३ × (४ − १), म्हणजे ९ मिलिमीटरची होते. या मुलाला पुढे बसवले तर त्याला फळा दिसू लागतो, याचे हे गणित आहे.

या २१ मिलिमीटरच्या चकतीने अक्षराचे काय होते? बारीक रेषेचे अक्षर घ्या, रेषा ५ मिलिमीटरची. चकतीत ती पसरली की तिचा काळेपणा तिसऱ्या हिश्श्याच्याही थोडा खाली येतो. फिकट राखाडी पट्टा उरतो. १० मिलिमीटरची रेषा निम्म्याहून थोडी अधिक काळी राहते. ३० मिलिमीटरची रेषा मात्र मधोमध पूर्ण काळी राहते. म्हणजे जाडीचा फायदा खोटा नाही; धूसर डोळ्याला काहीतरी ठळक दिसते हे खरे. पण त्याच वेळी १० मिलिमीटरची पांढरी फट दोन्ही बाजूंच्या काळ्यात बुडून जाते. बारीक अक्षर फिकटून जाते, जाड अक्षर आतून भरून येते. अपयश दोन्हींत आहे, फक्त तऱ्हा वेगळी.

कूपर ब्लॅकचे मोठेपण या कात्रीत शोधले पाहिजे. कूपर यांनी अक्षर नुसते फुगवलेले नाही. लहान अक्षरांची उंची वाढवून त्यांनी पांढऱ्याला जागा करून दिली. अक्षरे रुंद केली. लहान 'ई'ची आडवी रेघ बारीक ठेवली, कारण तेथे उभ्या दिशेत काळे-पांढरे-काळे-पांढरे-काळे असे पाच थर बसवायचे असतात. आणि टोके गोल केली. हे शेवटचे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोणतीही धूसरता, मग ती डोळ्यातली असो, शाईच्या पसरण्याची असो किंवा जुन्या छायाप्रतीच्या यंत्राची, सर्वांत आधी टोक खाते. तीक्ष्ण कोपरा बोथट होतो, बारीक पाय नाहीसा होतो. कूपर ब्लॅकमध्ये खायला टोकच ठेवलेले नाही. त्यामुळे खराब कागदावर, जाडसर कापडावर, ओल्या भिंतीवर छापले तरी ते आपल्या मूळ रूपापासून फारसे दूर जात नाही. इतर वळणे बिघडतात तेव्हा बिघडलेली दिसतात. हे आधीच बिघाडाशी तडजोड करून बसलेले आहे.

तळ सपाट नसण्याचाही असाच लाभ आहे. सर्वच छापील वळणांत 'ओ'सारखी गोल अक्षरे ओळीच्या किंचित खाली उतरवावी लागतात, नाहीतर डोळ्याला ती उचललेली वाटतात. कूपर ब्लॅकमध्ये सगळीच अक्षरे गोल बुडाची असल्याने ती गादीवर ठेवल्यासारखी बसतात आणि एखादे इकडे-तिकडे झाले तरी खटकत नाही. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत घासून चिकटवायची अक्षरे आली, बनियनांवर इस्त्रीने अक्षरे उमटवायची टूम निघाली, तेव्हा हौशी हातांनी लावलेल्या वाकड्या ओळी या वळणाने खपवून घेतल्या. प्रकाशाने अक्षरजुळणी करण्याच्या तंत्रात तर अक्षरे एकमेकांना टेकवताही येऊ लागली, जे धातूच्या खिळ्यांत जमत नसे. 'बीच बॉइज'च्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' या तबकडीचे वेष्टन, १९६८ मध्ये सुरू झालेल्या 'डॅड्स आर्मी' या ब्रिटिश विनोदी दूरदर्शन मालिकेची शीर्षके, असा त्याचा प्रवास झाला. १९९५ मध्ये निघालेल्या ईझीजेट या स्वस्त विमान कंपनीने ते आपल्या विमानांवर रंगवले.

या यादीवरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात की हे अक्षर मुळातच हसरे आहे. गोल आकार माणसाला प्रेमळ वाटतो, झाले. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. गोल आणि टोकदार आकारांना माणसे वेगवेगळी नावे बहाल करतात, हे वोल्फगांग क्योलर यांनी १९२९ मध्ये मांडले, आणि २००१ मध्ये रामचंद्रन व हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी त्याची पुन्हा चर्चा केली. २००६ मध्ये मोशे बार आणि मायटल नेटा यांनी दाखवले की वक्र कडांच्या वस्तू लोकांना टोकदार वस्तूंपेक्षा अधिक आवडतात. पण ही निवड निव्वळ आकाराची होती. शब्द वाचताना आकाराबरोबर सवयही काम करते. ज्याने हे वळण खेळण्यांच्या खोक्यांवर आणि विनोदी मालिकांवर पाहिले त्याला ते खेळकर वाटणारच. आमच्या मते खेळकरपणाचे निम्मे श्रेय कूपर यांना आणि निम्मे त्यांच्यानंतरच्या वापराला द्यावे. कूपर यांचे निम्मे म्हणजे सातत्य. एक नियम त्यांनी घेतला, सरळ कड नको आणि तीक्ष्ण टोक नको, आणि स्वल्पविरामापर्यंत तो पाळला. नक्कल करणाऱ्या अनेक वळणांत जाडी आहे, गोलाई आहे, पण मध्येच एखादी ताठ रेघ येते आणि गंमत मोडते.

हे हसरेपण सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रयोगशाळेतल्या सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर या वळणात लिहिलेली चिठ्ठी आम्ही पाहिलेली आहे. शब्द 'धोका' सांगत होते आणि अक्षर 'या, बसा' म्हणत होते. अशा ठिकाणी साधे, ताठ, विनापायाचे अक्षर बरे.

वळणाचे दोषही आहेत. मोठी अक्षरे लहान अक्षरांइतकी जमलेली नाहीत. सगळा मथळा मोठ्या अक्षरांत लावला तर 'एम' आणि 'डब्ल्यू' यांच्यापाशी काळोख दाटतो आणि अक्षरे रांगेत उभ्या केलेल्या पिंपांसारखी दिसतात. छोट्या आकारात तर ते वापरूच नये. लहान 'ई', 'ए' आणि 'एस' यांची छिद्रे बुजतात आणि तिन्ही एकाच जातीचे ठिपके होतात. जोशुआ सॉलोमन आणि डेनिस पेली यांनी १९९४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक सुंदर निष्कर्ष मांडला होता. अक्षर ओळखताना आपली दृष्टी त्यातला सगळा तपशील वापरत नाही. अक्षरामागे सुमारे तीन काळ्या-पांढऱ्या आवर्तनांएवढा मध्यम तपशील वापरते. फार ढोबळ आकारही ती सोडते आणि फार बारीकही. कूपर ब्लॅकमध्ये ढोबळ काळे भरपूर आहे, मध्यम तपशील मात्र बेताचा. दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला तेवढा पुरतो, कारण वाचकाला शब्दाचा एकंदर आकार मदत करतो. परिच्छेद लावला तर डोळा थकतो. प्रदर्शनांतून या वळणात बारा-पंधरा ओळींची माहिती लावलेले फलक दिसतात. मुले ते वाचत नाहीत, आणि दोष मुलांच्या आळशीपणाला दिला जातो.

प्रक्षेपकाने भिंतीवर पांढरी अक्षरे गडद पार्श्वभूमीवर दाखवली तर आणखी एक अडचण येते. काळ्यावरचे पांढरे आपल्याला आहे त्याहून मोठे वाटते. हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच याचे विवेचन केले आहे. पांढरे कूपर ब्लॅक त्यामुळे आणखी फुगते, आणि त्याची मुळातच अरुंद छिद्रे, जी आता काळी असतात, मिटून जातात. तेथे अक्षरांत थोडे अंतर वाढवावे किंवा दुसरे वळण घ्यावे.

आता मराठीकडे वळू, कारण आपले बहुतेक तक्ते देवनागरीत असतात आणि इंग्रजी मथळा कूपर ब्लॅकमध्ये दिला की त्याला शोभेल अशी जाड देवनागरी शोधली जाते. देवनागरीला सेरिफ नाहीत, पण शिरोरेषा आहे. ती जाड केली की अक्षराच्या उंचीचा एक मोठा तुकडा तिनेच खाल्ला. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, जोडाक्षराचा तळ. इंग्रजीत एका मजल्यात जे बसते ते आपल्याला तीन मजल्यांत बसवायचे असते. फुगवण्याला जागा इंग्रजीहून खूप कमी.

त्यात आपल्या काही जोड्या फार थोड्या फरकाने वेगळ्या होतात. 'प' आणि 'ष' यांत एक तिरकी रेघ. 'भ' आणि 'म' यांत, 'थ' आणि 'य' यांत, 'ध' आणि 'घ' यांत डोक्याजवळची गाठ आणि तुटलेली शिरोरेषा. विज्ञानाच्या तक्त्यावर शेवटच्या जोडीला विशेष महत्त्व आहे. 'धन' म्हणजे ऋणाच्या उलट, 'घन' म्हणजे द्रवाच्या उलट, किंवा तिसरा घात. धन आयन आणि घन अवस्था ही एकाच तक्त्यावर येऊ शकणारी नावे आहेत. शिरोरेषेतली ती फट जाडीत बुजली की मुलाने 'घन आयन' वाचले तर चूक तक्त्याची.

हे काम नीट करता येते याचे उदाहरण म्हणून 'मोदक' या वळणाचा उल्लेख करावासा वाटतो. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटातले सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ते केले आणि २०१५ पासून ते गूगलच्या संग्रहात कोणालाही विनामूल्य मिळते. नावाप्रमाणेच ते गुबगुबीत आहे, कूपर ब्लॅकहूनही कितीतरी अधिक. पण येथे पांढऱ्या जागांना उरलेसुरले न मानता त्यांच्याच रेषा केल्या आहेत. काळ्या गोळ्यात पांढऱ्या चिरा मारल्यासारखे अक्षर तयार होते. जवळून, मोठ्या आकारात, ते फार लोभस दिसते. पण चीर ती चीरच. वरचा २१ मिलिमीटरचा हिशेब तिलाही चुकत नाही, आणि ८ मीटरवरच्या बिनचष्म्याच्या मुलासाठी ते काढलेलेही नाही. बालवर्गाच्या दारावर ते लावावे, आवर्तसारणीवर नव्हे.

ज्या शिक्षकांना हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांनी चष्म्याच्या दुकानातून वाचनाचा अधिक एक नंबरचा चष्मा आणावा. ज्यांना लांबचे स्वच्छ दिसते त्यांनी तो लावला की ते उणे एकचे विद्यार्थी होतात. मग एका कागदावर 'धन' आणि दुसऱ्यावर 'घन', दोन्ही १० सेंटिमीटर उंचीचे, एकदा साध्या वळणात आणि एकदा जाड वळणात छापून, कोणता कागद कोणता हे न सांगता सहकाऱ्याला फळ्यापाशी धरायला सांगावे आणि शेवटच्या बाकावरून एकेक बाक पुढे येत जावे. शिरोरेषेतली फट १ सेंटिमीटरची असेल तर चौथ्या मीटरच्या आसपास तिचा संशय येऊ लागेल. कोणत्या बाकावर नक्की ओळख पटली ते प्रत्येक वळणापुढे लिहून ठेवावे, आणि पुढच्या तक्त्याचे वळण त्या आकड्यावरून निवडावे.